साल्हेरची सायकल सफर : हौस हवी, हिशेबही हवा

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला, की सायकलवरून डोंगर गाठण्याचे बेत शिजू लागतात. सटाण्याहून ताहाराबाद, मुल्हेर आणि पुढे जंगलातून साल्हेरचा पायथा, हा मार्ग त्यासाठी फारच मोहक आहे. १६७२ च्या लढाईने प्रसिद्ध झालेला, १,५६७ मीटर उंचीचा हा गड कोणाला खुणावणार नाही? सायकल हा हृदय, फुफ्फुसे आणि पाय यांना उत्तम व्यायाम आहे, यातही शंका नाही. तथापि अशा सफरीची तयारी आदल्या रात्री टायरमध्ये हवा भरून होत नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांचे कौतुक सर्वांनी केले. पण त्यामागचा दीर्घ सराव आणि सोबतीचे मदत पथक यांचा विचार किती जणांनी केला? अनुकरण करायचे तर ते तयारीचे करावे.

निदान दोन महिने आधी सराव सुरू करावा. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवावी व अंतर हळूहळू वाढवावे. सपाट रस्त्यावरचा सराव घाटात अपुरा पडतो, म्हणून चढाचा सराव वेगळा करावा. चढताना सोबत्याशी दोन वाक्ये बोलता येत असतील, तर गती योग्य समजावी. बोलणेच बंद झाले, तर गती कमी करावी. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मधुमेहाची औषधे चालू असताना उपाशीपोटी निघणे धोक्याचे आहे.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. मात्र तासन्‌तास घाम गाळून नुसतेच पाणी पीत राहिल्यास शरीरातील क्षाराचे प्रमाण बिघडते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे साधे पेय उपयुक्त ठरते. सोबत केळी, गूळ-शेंगदाणे असावेत. डोके दुखणे, मळमळ, बरळणे ही लक्षणे दिसताच सावलीत थांबून अंग ओले करावे व मदत मागवावी.

चढ दमवतो, पण गंभीर अपघाताची भीती उतारावर अधिक. वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करावा. हेल्मेट सक्तीचेच समजावे. पंप, पंक्चरचे सामान व बॅटरी जवळ असावी. जंगलात मोबाइल लागेलच असे नाही, म्हणून परतीची वेळ घरी सांगून ठेवावी; १०८ क्रमांक व वाटेवरची आरोग्य केंद्रे माहीत असावीत. सर्पदंश झाल्यास जखम न कापता, आवळून न बांधता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

आमच्या मते सर्वांत मोठा धोका ना घाटाचा, ना जंगलाचा. तो ईर्ष्येचा आहे. मित्र हसतील म्हणून छातीतील दुखणे किंवा चक्कर लपवणारा माणूस जिवाशी खेळतो. म्हणून निघतानाच ठरवावे, की सर्वांत मंद सायकलस्वाराची गती तीच गटाची गती. दुपारी अमुक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे, हेही आधीच ठरलेले असावे. गड चढण्याचा बेत त्याच दिवशी करू नये. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी चढावे, कारण थकलेले पाय गडाच्या उतरणीवर दगा देतात.

साल्हेर कुठे पळून जात नाही. यंदा अर्ध्या वाटेवरून परतलेला पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ शकतो.