कागद घेतला नाही, म्हणून वाचलं काय?

निफाड, दिंडोरी, येवला, कुठल्याही तालुक्यात सोसायटीच्या ओट्यावर जरा टेका, एक सल्ला फुकट मिळतो: ‘नोटीस घ्यायचीच नाही. पोस्टमन आला की सांगायचं, माणूस गावात नाही.’ सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर बहुधा बोजा नसतो. नाशिक जिल्हा मध्यवर्ती बँकेने थकबाकीसाठी ट्रॅक्टर ओढून नेले, जमिनी लिलावाला काढल्या, तेव्हापासून या सल्ल्याला फार मागणी आली आहे. या वसुलीविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये मालेगावात मोर्चा निघाला. मोर्चाशी माझं भांडण नाही. भाव पडल्यावर कांदा उकिरड्यावर टाकणाऱ्या माणसाने हप्ता कुठून भरायचा, हा प्रश्न रस्त्यावरच विचारायला हवा. माझं भांडण त्या ओट्यावरच्या सल्ल्याशी आहे.

कागदच पोचला नाही तर केस चालेल कशी, असं हे लोक विचारतात. चालते, आणि झपाट्याने चालते. रजिस्टर पोस्टाचा लखोटा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत गेला की बजावणी झाली, असं कोर्ट धरतं. बेलीफासमोर नकार दिला तर तो दारावर प्रत डकवून, साक्षीदारांची नावं लिहून निघून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर कोर्टाच्या फलकावर किंवा वर्तमानपत्रात नोटीस लागते. ‘घरात बाईमाणूसच आहे, उद्या या’ ही युक्तीही १९७६ मध्येच संपली. तोवर बजावणीसाठी घरातला सज्ञान पुरुष लागत असे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष हा भेदच काढून टाकला. चेक न वटल्याच्या नोटिशीचंही तेच. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असं मानायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगून टाकलं आहे.

मग एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला मुदत तीस दिवसांची. समन्स नीट बजावलंच गेलं नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण तारीख माहीत होती आणि उत्तर द्यायला वेळही होता, असं दिसलं, तर बजावणीतल्या बारीकसारीक चुकीचा फायदा मिळत नाही. दारावर डकवलेला कागद गावाने वाचला, पोरांनी त्याचे फोटो फिरवले, आणि घरमालकाला तेवढी खबर नव्हती, हे कोणत्या न्यायाधीशाला पटेल?

जिल्हा बँकेच्या बहुतेक कर्जदारांच्या वाट्याला तर कोर्टही येत नाही, ‘एकशे एकची नोटीस’ येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक कार्यालय थोडक्यात चौकशी करून वसुलीचा दाखला देतं, आणि मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. व्याज चुकीचं लावलं, भरलेला हप्ता जमा धरला नाही, जामीनदाराची सही माझी नाही, जे काही म्हणायचं ते त्या चौकशीतच म्हणायचं असतं. तिथे जायला एसटीचं भाडं लागतं. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर कलम १५४ प्रमाणे वसुलीच्या रकमेतले पन्नास टक्के आधी भरावे लागतात. निम्मं कर्ज भरायची ऐपत असती तर तो एकशे एकपर्यंत आला असता का? ओट्यावरचा शहाणा हे सांगत नाही.

दुसरं म्हणणं: सही केली की कर्ज कबूल केलं. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ती अर्धी खरी आहे. ‘नवं-जुनं’ करताना पुढे केलेल्या कागदांवर, बाकी मान्य असल्याच्या पत्रावर मुदतीच्या आत सही केली तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे कर्जाची मुदत पुन्हा पहिल्यापासून धावू लागते. असल्या सह्यांनी अनेक घरं पोळली आहेत. पण नोटिशीच्या पोचपावतीवरची सही एवढंच सांगते की कागद मिळाला. रक्कम खरी की खोटी, याबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. बँकेचा माणूस दोन्ही कागद एकदम पुढे करत असेल तर वाचायला वेळ घ्यावा, पोच द्यावी आणि दुसरा कागद बाजूला ठेवावा. तारीख टाकायला विसरू नये. पुढची सगळी मुदत तिच्यावरून मोजायची असते.

तिसरं म्हणणं सर्वात जोरकस: थांबलं की माफी येते. आली आहे, नाही कशी म्हणू? २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंतची आली, २०१९ च्या अखेरीस महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतची. ज्याने पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले तो यात मूर्ख ठरला, ही सल गावोगावी आहे आणि ती रास्त आहे. पण फुले योजनेने पाहिलं ते ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकबाकी किती होती ते, आणि तीही पीककर्जाची किंवा त्याच्या पुनर्गठनाची. नोटीस घेतली का परत पाठवली, हे कुणी विचारलं नाही. ट्रॅक्टरचं कर्ज तर त्यात बसलंच नाही, आणि ओढून नेतात ते ट्रॅक्टरच.

बँकेच्या बाजूचे लोक इथवर वाचून खूश झाले असतील. त्यांचंही एक लाडकं वाक्य आहे: ‘आम्ही रीतसर नोटीस दिली होती.’ रीतसर म्हणजे काय? कलमांच्या आकड्यांनी भरलेला, वकिली भाषेतला कागद. त्यात मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे शेतकऱ्याला उमगेल असं वेगळं काढलेलं नसतं. बेलीफ गावात न जाताच ‘घर बंद’ लिहितो, ही तक्रारही नवी नाही. दारावर प्रत डकवल्याचा अहवाल शपथेवर नसेल तर न्यायालयाने बेलीफाला शपथेवर तपासलंच पाहिजे, असं दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. तपासतं कोण?

१८७५ मध्ये सुप्याला रयतेने सावकारांचे कर्जरोखे जाळले. मागून आलेल्या चौकशीत दिसलं की सावकारांचे ढीगभर हुकूमनामे एकतर्फी होते. कुळं कोर्टात फिरकलीच नव्हती. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशावरच भार टाकला: प्रतिवादीला बोलवा, त्याची जबानी घ्या, व्यवहार मुळापासून उकरा. आजच्या कर्जदारासाठी एवढी खटपट कुणी करत नाही. त्याला स्वतःच जावं लागतं.

गेल्यावर हाती काय लागतं? पैशाच्या हुकूमनाम्यात जप्ती आली तरी शेतकऱ्याचं राहतं घर, पोटापाण्याची अवजारं, बैल, बियाणं आणि धर्मरूढीने बाईच्या अंगावरून उतरवता न येणारा दागिना यांना संहितेचं कलम ६० हात लावू देत नाही. तारण दिलेला ट्रॅक्टर या यादीने वाचेल अशी आशा मात्र धरू नये. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याने बँक आली तर साठ दिवसांची नोटीस असते, हरकतीला पंधरा दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक असतं, आणि शेतजमीन त्या कायद्याबाहेर आहे. फक्त जमीन खरोखर कसली जाते हे कर्जदारानेच दाखवायचं असतं. लपलेला माणूस ते कसं दाखवणार?

लपण्याचा आणखी एक हिशेब आहे. नाशिकच्या साध्या कर्जदाराला अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. २०१६ च्या नव्या नादारी संहितेतला व्यक्तींबद्दलचा भाग आतापर्यंत फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता सुरू झाला आहे. त्या जुन्या कायद्याच्या कलम ६ मध्ये नादारीची कृत्यं दिली आहेत. देणेकऱ्यांना चुकवण्याच्या हेतूने घर सोडणं किंवा त्यांना गाठता येऊ नये म्हणून दडून बसणं, ही त्यांतलीच. म्हणजे ‘माणूस गावात नाही’ हे वाक्य नादार ठरवण्याच्या अर्जात पुरावा म्हणून वापरता येतं. उलट ज्याला देणं खरोखर फिटण्यासारखं नाही, तो त्याच कायद्याने स्वतः जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो.

वकिलाचे पैसे नाहीत, ही सबब खरी असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यासाठीच आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठराविक मर्यादेखालच्या उत्पन्नाच्या कुणालाही तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटच नाही, आणि दारात आलेला कागद अनेकदा तिच्याच हातात पडतो.