वॉर्डातला सासुरवास

मे महिन्यात ५ तारखेला सुईणींचा दिवस, १२ला नाइटिंगेलबाईंची जयंती. दरवर्षी आम्हीही एक हसरा फोटो छापून मोकळे होत असू. यंदा तेवढ्यावर भागवायचं नाही, असं ठरलं.

इंदूरच्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं असो की नव्या वसाहतीतलं, नर्सिंग करणारी एखादी मावशी किंवा वहिनी असतेच. पेशंटच्या नातेवाइकांची दादागिरी, मारहाण यांवर २०२४मध्ये कोलकात्यात रुग्णालयातच झालेल्या महिला डॉक्टरच्या बलात्कार-हत्येनंतर पुष्कळ बोललं गेलं. ड्यूटी-रूममधल्या छळावर मात्र कुणी बोलत नाही. हँडओव्हरला सगळ्यांदेखत उडवलेली खिल्ली, मुद्दाम लावलेली सलग पाचवी नाइट, डोस बदलल्याचं नव्या मुलीला न सांगणं. हे शेवटचं निव्वळ मानापमानाचं नाही. त्यात खाटेवरचा पेशंट भरडला जातो. बाळंतकक्षात तर विचारायला घाबरलेली सिस्टर म्हणजे दोन जीवांचा प्रश्न.

२०१३च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली, पण ती लैंगिक छळापुरती. टोमण्यांची, वाळीत टाकण्याची दाद तिथे लागत नाही.

या अंकात आम्ही सीनियर सिस्टरना खलनायिका केलेलं नाही. ‘आम्ही नाही का सोसलं?’ हे वाक्य येतं कुठून, ते शोधलंय. अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर टाकला, की राग उतरतो तो हाताखालच्या मुलीवरच.

तुम्ही सोसलं असेल तर लिहा, नाव छापणार नाही. छळलं असेल, तरीही लिहा.