हडळीच्या पायातल्या चपला

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या रंगमंचावर एक भुताची एकांकिका झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. निळसर प्रकाश, विंगेतून सोडलेला धूर, दूरवर कुत्र्याचे रडणे, सारे कसे जमून आले होते. पांढऱ्या साडीतली हडळ वाड्याच्या पायऱ्या उतरू लागली आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "अरे, हडळ चपला घालून आली!" सभागृह हसण्यात बुडून गेले. पुढची दहा मिनिटे नाटक कोणी पाहिलेच नाही. घाईगडबडीत पायातल्या रबरी चपला काढायच्या राहिल्या, एवढीच त्या मुलीची चूक.

ते ओरडणारे 'कोणीतरी' म्हणजे प्रस्तुत लेखक. आणि हडळ झालेली आमची वर्गमैत्रीण यंदा तालमीला फिरकलेली नाही.

चुका हुडकण्याची मला जुनी खोड आहे. हल्ली मोबाईलवर दृश्य थांबवता येते, मागे नेता येते, त्यामुळे ही खोड अनेकांना जडली आहे. त्यातही गूढ आणि भीतिदायक मालिका आम्हां मंडळींच्या विशेष आवडीच्या. कारण उघड आहे. कौटुंबिक मालिकेत भिंतीवर माईकची सावली पडली तर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. पछाडलेल्या वाड्यात तीच सावली पडली की भीतीचा सारा डोलारा कोसळतो. भीती ही फार नाजूक वस्तू आहे.

या बाबतीत 'डार्क शॅडोज' या अमेरिकन मालिकेचा हात कोणी धरू शकणार नाही. डॅन कर्टिस यांची ही मालिका ए.बी.सी. वाहिनीवर 27 जून 1966 ते 2 एप्रिल 1971 या काळात चालली. पावणेपाच वर्षांत 1225 भाग! आरंभी ती एका जुन्या हवेलीची गूढकथा होती. भुते आली ती मागाहून. एप्रिल 1967 मध्ये बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पिशाच शवपेटीतून बाहेर आला आणि मालिकेचे नशीबच पालटले. थोड्या दिवसांचा म्हणून आणलेला हा पाहुणा शेवटी मालिकेचा नायक होऊन बसला.

आता तिच्यातल्या चुका पाहा. वरून लोंबकळणारा माईक वारंवार चौकटीत डोकावतो. दार जोरात लावले की दगडी म्हणवणारी भिंत हलते. पडद्यामागचा एखादा कामगार बेधडक दृश्यात दिसून जातो. नट वाक्याच्या मध्येच अडखळतात. बार्नबस गंभीर संवाद म्हणत असता त्याच्या चेहऱ्यावर माशी येऊन बसते, आणि तो बिचारा डोळ्याची पापणीही न हलवता बोलत राहतो! या चुकांच्या वेगळ्या चित्रफिती पुढे विकल्या गेल्या, यावरून त्यांची लोकप्रियता ध्यानात यावी.

पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी पोट धरधरून हसलो. मग मनात प्रश्न आला, या लोकांनी ते दृश्य पुन्हा का घेतले नाही? उत्तर शोधू लागलो आणि हसू हळूहळू ओसरले. आठवड्याला पाच भाग द्यावयाचे. चित्रण दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर. त्या काळी ही टेप जोडायची म्हणजे प्रत्यक्ष कापून चिकटवायची. काम वेळखाऊ आणि खर्चाचे. म्हणून भाग जवळजवळ नाटकासारखा सलग चित्रित होई. माशी बसली, बसू द्या. शब्द विसरला, पुढे चला. बार्नबसची भूमिका करणारे जोनाथन फ्रिड हे मूळचे रंगभूमीवरचे नट, शेक्सपिअरची नाटके केलेले. रोज नवी संहिता पाठ करणे त्यांना जड जाई, म्हणून नजर टेलिप्रॉम्प्टरकडे वळे. ती भिरभिरती नजर प्रेक्षकांना मात्र शापित जीवाच्या व्याकुळतेसारखी वाटली! चूक ती, पण तिने भूमिकेला हातभारच लावला.

तेव्हा माझे मत असे की चुकांचे दोन प्रकार मानले पाहिजेत. एक हाताची चूक, दुसरी विचाराची. माईक दिसणे, भिंत हलणे, चपला राहणे या हाताच्या चुका. त्या वेळ, पैसा आणि दमलेले शरीर यांतून येतात. विचाराच्या चुकीची गोष्ट निराळी.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' (1997 ते 2003) या मालिकेत 2 जून 1997 रोजी दाखवलेल्या भागात नायिका पाण्यात बुडून निश्चेष्ट पडते. तिला तोंडाने श्वास द्यायला हवा. एंजल हा पिशाच म्हणतो, मला ते जमणार नाही, माझ्यात श्वासच नाही. आणि हे सांगताना तो चांगला धापा टाकत असतो! नटाला धाप लागली हे एक वेळ सोडून देऊ. पण श्वास नसेल तर हा गृहस्थ इतके दिवस बोलतो कसा? त्याच मालिकेतला दुसरा पिशाच सिगारेट ओढतो कसा? येथे नियम एका प्रसंगाच्या सोयीसाठी केला आणि नंतर वाऱ्यावर सोडला.

अद्भुतकथेला तर्क लागत नाही, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. आपल्या वेताळपंचविशीतला वेताळ पाहा. राजाने तोंड उघडले की वेताळ पुन्हा झाडावर. हा नियम पाळला जातो म्हणूनच त्या कथेला धार आहे. भूत खोटे असले तरी चालेल, पण त्याचे नियम खरे असले पाहिजेत. ही चूक प्रेक्षकाने पकडावी आणि लेखकाला जाबही विचारावा.

आता दुसरे टोक पाहा. मे 2019 मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या एका भागात मेजवानीच्या मेजावर आजकालचा कॉफीचा कागदी पेला दिसला. जगभर हसू झाले. काही दिवसांतच वाहिनीने तो पेला संगणकाच्या साहाय्याने चित्रातून पुसून टाकला. आता तो भाग पाहणाऱ्याला तेथे पेला होता याचा मागमूसही लागत नाही. मला हे पटत नाही. त्या पेल्यावरून एवढे तरी कळत होते की राजमुकुटांच्या या पसाऱ्यामागे कॉफी पिऊन जागणारी माणसे होती. याउलट 'डार्क शॅडोज'च्या 1219व्या भागाची टेपच हरवली आहे. उरला तो केवळ आवाज. तो भाग उद्या सापडला, तर त्यात दहा माईक आणि वीस माश्या असल्या तरी रसिक तो डोक्यावर घेतील!

कोणी म्हणेल, मग चुका दाखवूच नयेत काय? अवश्य दाखवाव्यात. चूक ज्याला दिसते त्याने काहीतरी लक्षपूर्वक पाहिलेले असते. आमचे गुरुजनही उत्तरपत्रिकेत लाल शाई वापरतातच, आणि वापरावी. पण लाल शाईची रेघ मारून झाल्यावर ते उत्तर शेवटपर्यंत वाचतात. आम्ही प्रेक्षक रेघ मारतो आणि तेथेच थांबतो. चूक सापडली म्हणजे कलाकृती पराभूत झाली आणि आपण जिंकलो, या भ्रमात टाळी घेतो.

असो. यंदाच्या एकांकिकेत मी प्रॉम्प्टरचे काम मागून घेतले आहे. विंगेतून पाहताना कळते की एका रात्रीत किती गोष्टी चुकू शकतात आणि त्यांतल्या किती थोड्या चुकतात. परवा त्या मैत्रिणीला ग्रंथालयात गाठून माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, चपला दिसल्या तुला. पायऱ्या उतरताना मी एकदाही खाली पाहिलं नव्हतं, ते दिसलं का?"

मला ते दिसले नव्हते.

(तृतीय वर्ष, कला)