डक्ट कुणाच्या बापाचा?

नवीन घर बघताना आपण काय काय विचारतो? पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं, लिफ्टला बॅकअप आहे का, पार्किंग कव्हर्ड की ओपन, झालंच तर किचन पूर्वेला आहे ना. 'इथे ब्रॉडबँड कुणाकुणाचं मिळतं?' हा प्रश्न मात्र यादीत नसतोच. माझ्या मते तो आता पाण्याच्या खालोखाल हवा.

वाकडच्या फ्लॅटचा ताबा मिळून पाच आठवडे झाले. एका कंपनीची फायबर आमच्या गेटबाहेरच्या खांबापर्यंत आलेली आहे. त्यांचा माणूस दोनदा वायरचं बंडल घेऊन आला, दोन्ही वेळा वॉचमनने गेटवरूनच परत पाठवला. कारण काय, तर बिल्डरने बिल्डिंगमधला डक्ट एकाच केबलवाल्याला देऊन टाकलाय. बरं, त्याच्याकडूनच घेऊ म्हटलं तर, "साहेब, तुमच्या विंगच्या स्प्लिटरवर पोर्ट शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात बघू." पाच आठवडे झाले, त्याचा पुढचा आठवडा काही उजाडत नाही!

स्प्लिटर म्हणजे एका फायबरच्या आठ, सोळा, बत्तीस फांद्या करणारी छोटीशी डबी. एक फांदी, एक घर. फांद्या संपल्या की दुसरी डबी लावायची. चंद्रावर यान पाठवायचं नाहीये. पण घाई कशाला करेल तो? गिऱ्हाईक जातंय कुठे?

इकडे बायको घरून जर्मन शिकवते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर क्लास मध्येच अडकतो. पाच आठवड्यांत दोन विद्यार्थी सोडून गेले. त्यांची फी काही केबलवाला देणार नाही.

बिल्डरच्या ऑफिसातलं म्हणणं असं, की दहा कंपन्या आत घेतल्या तर जिन्यात वायरींचं जंजाळ होईल, जो तो भिंतीला भोकं पाडत सुटेल. मुद्दा बरोबर आहे. उत्तर चुकीचं आहे. प्रत्येक फ्लॅटपासून तळमजल्यावरच्या एका खोलीपर्यंत बिल्डिंगनेच एकदा फायबर टाकावी. ज्या कंपनीचं कनेक्शन हवं तिने त्या खोलीत येऊन जोडून द्यावं. आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. तो एकच ठेवायचा, पलीकडचा माल कुणाचाही असो. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून वायर एका कंपनीची आणि वीज दुसरीची असं चालू झालं. विजेला जमतं तर इंटरनेटला का नाही?

आणि हे काही मीच म्हणतोय असं नाही. ट्रायने जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती, की इमारतीत दुसऱ्यांना मज्जाव करणारे करार हा परवान्याचा भंग मानावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे स्टार देण्याचे नियमही आले. पण ते रेटिंग ऐच्छिक! ज्या बिल्डरने डक्ट विकलाय तो कशाला स्वतःहून परीक्षेला बसेल? ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या मात्र २००४ च्या २५६ केबीपीएसवरून २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर गेली. वेग कागदावर वाढला, शेवटचे शंभर फूट होते तिथेच.

तेव्हा मंडळी, कायद्याची वाट बघत बसू नका. फ्लॅट बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स नंतर बघा, आधी दोन रहिवाशांना विचारा, "तुमच्याकडे नेट कुणाचं? बदलता येतं का?" आणि सोसायटी तुमच्या ताब्यात आली असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत एक ओळीचा ठराव मांडा: डक्ट सर्वांचा आहे, परवाना असलेल्या कुठल्याही कंपनीला सारख्याच अटींवर आत येता येईल. आमची सोसायटी अजून रजिस्टर व्हायची आहे. झाली की पहिल्या सभेचा पहिला ठराव माझा. अनुमोदनाला चौथ्या मजल्यावरचे काका आत्ताच तयार आहेत, त्यांचंही 'पुढच्या आठवड्यात'च आहे!