खर्चबंदीचा वर्षावास : पैसा वाचवायचा, पण कोणाच्या लढ्यासाठी?

गरीब माणूस खर्चीक असतो म्हणून गरीब राहतो, हे वाक्य या देशात सगळ्यात स्वस्त मिळते. कंपनीचा एचआरवाला ते सांगतो, कर्ज देणारा फायनान्सवाला सांगतो आणि आता मोबाइलवर रील करणारे गुंतवणूकगुरूही सांगतात. रोजचा चहा सोडा, तीस वर्षांनी कोट्यधीश व्हा! भोसरीत बालाजीनगरच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहून एमआयडीसीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या पोराला हा उपदेश करणाऱ्याने आधी एवढेच सांगावे : ठेकेदाराने गिळलेला ओव्हरटाइम या चहाच्या हिशेबात कुठे बसतो?

हा उपदेश नवा नाही. मे 1875 मध्ये याच पुणे जिल्ह्यातील सुपे गावातून शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव सुरू झाला. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे साहेबलोकांचे तेव्हाही ठाम मत होते. पण सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाला शेवटी लिहावे लागले की कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला नको इतके महत्त्व दिले गेले आहे. सारा, व्याज आणि कोर्टाचा हुकूमनामा यांनी नाडलेल्या माणसाला उधळ्या ठरवले की लुटणारा सुटतो. दीडशे वर्षांनंतरही तीच युक्ती आपल्यावर चालवली जाते.

मग आम्ही खर्च बंद करण्याबद्दल का लिहितो आहोत? कारण शत्रूने एक हत्यार आपल्याविरुद्ध वापरले म्हणून ते हत्यार आपण टाकून द्यावे असे नाही. काही काळ हात आखडून पैसा बाजूला काढणे हे आंबेडकरी चळवळीच्या पायातच आहे. फक्त ते कधी, किती दिवस आणि कशासाठी करायचे, हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा नाही. तो आपला आहे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती संपली आणि 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले. नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. प्राध्यापकाला शोभेल असे घर, कपडे, नोकरचाकर सहज परवडले असते. पण त्यांनी परळची चाळ सोडली नाही. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती द्यायची आणि उरलेली लंडनसाठी राखून ठेवायची, असे दीड वर्षाच्या आसपास चालले. मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठवलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले 5,000 रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर त्याच जुलैत ते लंडनला गेले. अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि परतल्यावर पुढे काय घडवले, ते आपल्याला ठाऊक आहे.

या दीड वर्षाकडे आपण नीट पाहत नाही. त्यागाची कथा म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. पण त्यात त्यागापेक्षा हिशेब जास्त आहे. त्या बचतीला मुदत होती, नाव होते आणि आकडा होता. जन्मभर पोट मारून जगा, असे तिचे सांगणे नव्हते. अमुक दिवस, अमुक कामासाठी, अमुक रक्कम. काम झाले की बंधन सुटले. मालकाच्या उपदेशात आणि बाबासाहेबांच्या बचतीत फरक आहे तो हाच. मालक म्हणतो, कमी खा म्हणजे कमी पगारात भागेल. बाबासाहेबांनी पैसा साठवला तो नोकरी सोडता यावी म्हणून.

आता भोसरीकडे या. भोसरी, चिखली, मोशी, पुढे चाकणपर्यंत आपली हजारो मुले आज ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. कायद्यात 240 दिवसांच्या सलग सेवेला अर्थ आहे, म्हणून तेवढे दिवस भरण्याआधीच माणसाला ‘ब्रेक’ दिला जातो. गेटपास काढून घेतला की महिना-दीड महिना घरी बसायचे, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा त्याच मशीनवर उभे राहायचे. ब्रेकच्या त्या महिन्यात खोलीचे भाडे थांबत नाही, गाडीचा हप्ता थांबत नाही, गावी पाठवायचे पैसे थांबत नाहीत. मग लोन ॲप उघडते. नाही तर मायक्रोफायनान्सच्या गटात आईचे नाव लागते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचा हप्ता मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे निम्मी कमाई हप्त्यात गेली तरी ते नियमात बसते!

ज्याच्या डोक्यावर तीन हप्ते आहेत तो पोरगा कोऱ्या कागदावर सही कर म्हटले की करतो. बोट मशीनमध्ये गेले तरी बाहेरच पडलो असे लिहून देतो. युनियनच्या सभेला येत नाही. वस्तीत काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो. तो भित्रा नसतो, त्याच्याकडे एक महिना काढण्याइतके पैसे नसतात. तीन महिन्यांचे भाडे आणि किराणा ज्याच्या गाठीला आहे, तो त्याच ठेकेदारासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. म्हणून आम्ही म्हणतो, ठेकेदारी कामगारासाठी बचत हा संपनिधी आहे.

पैसा वाचवायचा कुठून? पोटातून नाही. दिखाव्यातून. भोसरीच्या आसपास जमिनी विकून रातोरात श्रीमंत झालेल्यांना लोक गुंठामंत्री म्हणतात. गळ्यात साखळ्या, दारात मोठी गाडी, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. त्यांची जमीन होती, त्यांनी विकली, त्यांचे ते बघतील. पण ज्याच्या बापाजवळ विकायला गुंठाभर जमीन कधी नव्हती, त्याने कर्ज काढून तीच हौस का करावी? समाजशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 मध्येच दाखवून दिले की वरचा वर्ग गरजेसाठी नव्हे तर प्रतिष्ठा दाखवण्यासाठी खर्च करतो आणि खालचे वर्ग त्याची नक्कल करतात. जातीच्या समाजात ही नक्कल आणखी घातक ठरते. आपण त्यांच्या तोडीची गाडी घेतली तरी त्यांच्या मनातली आपली जात बदलत नाही. गाडी हप्त्यावर राहते आणि जात होती तिथेच राहते.

लग्नांचेही तेच. मे 2025 मध्ये मुळशी तालुक्यातील भुकूमच्या विवाहितेच्या मृत्यूनंतर खुद्द मराठा समाजातून साध्या लग्नांच्या आचारसंहितेची मागणी पुढे आली. ज्यांचे अनुकरण करायला आपण निघालो, तेच त्या वाटेवरून परत फिरण्याची भाषा बोलू लागले आहेत. आपली बौद्ध विवाहपद्धती तर मुळातच साधी. पांढरे कपडे, वंदना, प्रतिज्ञा, तासाभरात विवाह संपन्न. मग आदल्या रात्रीचा हळदीचा डीजे आणि दुसऱ्या दिवशीची पंचवीस पदार्थांची पंगत कोणत्या धम्मातून आली?

इथे काही तरुण मित्र आम्हाला अडवतील. ते म्हणतील, हजारो वर्षे आम्हाला नीट कपडे घालू दिले नाहीत, वाजतगाजत वरात काढू दिली नाही. आता कुठे चार पैसे आले तर तुम्ही साधेपणा शिकवता? हा आक्षेप खोटा नाही. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत जून 2023 मध्ये एका आंबेडकरी तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप आहे. जिथे जयंती काढण्यासाठी रक्त सांडते, तिथे जयंती कमी करा असे सांगण्याची आमची हिंमत नाही आणि इच्छाही नाही. जयंती जोरातच झाली पाहिजे.

पण जयंती म्हणजे डीजेचे भाडे नव्हे. वामनदादा कर्डकांनी गावोगाव भीमगीते नेली तेव्हा त्यांच्यामागे भिंतीएवढे स्पीकर नव्हते. आणि दिखाव्याचा प्रश्न आम्ही आज उकरून काढलेला नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. अंगावरचे ते ओझ्याचे दागिने तुमची अस्पृश्यतेची खूण झाले आहेत, ते टाकून द्या आणि स्वच्छ, नीटनेटके राहा, असा त्या भाषणाचा आशय होता. स्वाभिमान म्हणजे अंगावर काय लादले याचा हिशेब नव्हे, हे आपल्या आज्यांना त्या दिवशी समजले. नातवांना कळायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. बचत होते तेव्हा ती कोणाच्या ताटातून होते? बाबासाहेबांच्या त्या दीड वर्षाची आणि पुढच्या लंडनच्या वर्षांची किंमत रमाईंनी मोजली. पाचपैकी चार मुले गमावलेल्या त्या माउलीचे ऋण मानून बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्या घरांत मात्र खर्च कमी करायचे ठरले की पुरुषाचा गुटखा चालू राहतो आणि बाईच्या रक्तवाढीच्या गोळ्या बंद होतात. असली बचत आम्हाला नको. खर्चबंदीची सुरुवात घरातल्या सगळ्यात जास्त मिरवणाऱ्या माणसापासून व्हावी. दूध, अंडी, औषध, शाळेची फी, पुस्तके आणि युनियनची वर्गणी यांना हात लावायचा नाही.

तथागतांनी गृहस्थाला भिकाऱ्यासारखे जगायला कधीच सांगितले नाही. व्यग्घपज्ज सुत्तात ते दोन टोके दाखवतात. एक जण उंबर खाणाऱ्यासारखा : झाड गदागदा हलवतो, चार उंबरे खातो आणि बाकीची मातीत घालवतो. दुसरा पैसा असून उपाशी मरतो. दोन्ही चूक. आवक आणि जावक तराजूत तोलून जगणे म्हणजे समजीविता. सिगालोवाद सुत्तात तर कमाईचे चार भागच करून दिले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा संकटासाठी राखलेला. ब्रेकचा महिना हेच आपले संकट. आपला चौथा भाग कुठे आहे?

म्हणून आमचा प्रस्ताव असा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. आपल्या विहारांत या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालतेच. त्याच तीन महिन्यांत तरुणांनी खर्चबंदी पाळावी. थायलंडमध्ये वर्षावासाच्या काळात दारू सोडण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालते, मग आपल्याला काय अवघड आहे? याच दिवसांत ऑनलाइन सेल लागतात आणि दिवाळीच्या बोनसवर डोळा ठेवून फायनान्सवाले दारोदार फिरतात. म्हणून मुहूर्तही नेमका आहे.

तीन महिने नवा हप्ता नाही, नवा मोबाइल नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स नाही, दारू-गुटखा नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, पण चोरवाटा उघड्या आहेत. त्या आपण बंद करायच्या. टपरीवर दिवसाला 70 रुपये जात असतील तर 90 दिवसांचे 6,300 होतात. असे वीस जण एकत्र आले तर 1,26,000. वीस जणांचा बचत गट करा, बँकेत खाते उघडा, सह्या दोघांच्या ठेवा आणि त्यातली एक बाईची असू द्या. नाव ठेवा ब्रेक निधी. ज्याला ब्रेक मिळाला, ज्याच्या बोटाला मार लागला, ज्या मुलीची परीक्षा फी अडली, त्यांना बिनव्याजी पैसा आधी तिथून. आश्विन पौर्णिमेला पै-पैचा हिशेब विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याला वडापाव खायचा त्याने खुशाल खावा. बंधन संपले.

एवढ्याने ठेकेदारी जाणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. टपरीवरची सिगारेट त्यांत नव्हती. लढा मजुरीचाच आहे, पण लढायला उभे राहणाऱ्याच्या घरात पीठ असावे लागते. अमेरिकेत मॉन्टगोमेरीच्या काळ्या जनतेने डिसेंबर 1955 पासून 381 दिवस बसच्या तिकिटावर पैसा खर्च केला नाही. ते लोक पायी चालले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. न्यायालयात खटला चालू होता, रस्त्यावर बस रिकाम्या धावत होत्या आणि शेवटी बसमधला वर्णभेद गेला. खिशातला पैसा कोणाला द्यायचा नाही हे गरिबांनी मिळून ठरवले, तर त्याचीही ताकद होते.

बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्याकडे कमाईचा विसावा भाग धम्मकार्यासाठी मागितला होता. तो आपण किती वर्षे दिला, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या मनात द्यावे. फायनान्स कंपनीला मात्र निम्मा भाग दर महिन्याच्या 5 तारखेला न चुकता जातो.

आषाढ पौर्णिमेला विहारात या. वही आम्ही आणतो, पहिले वीस जण तुम्ही जमवा.

जय भीम! नमो बुद्धाय!