सातबाऱ्यावरची पुळण

दिवाळी सरली की आमच्या धाराशिवातून सहलीच्या गाड्या कोकणाकडे निघतात. तुळजापूर, नळदुर्ग झालेले असते. पोरांना समुद्र पाहायचा असतो. टँकरची वाट पाहत वाढलेल्या माणसाला एवढे पाणी एके ठिकाणी पाहून काय वाटते, ते कोकणातल्या माणसाला कळायचे नाही. नव्वदच्या दशकात बँकेच्या बदलीने मी सिंधुदुर्गात गेलो, तेव्हा पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी नुसता पुळणीवर बसून राहत असे.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि शाखेत लॉजसाठी कर्जाचे अर्ज येऊ लागले. त्यातला एक अजून आठवतो. माडांची वाडी, तिच्यापुढे पुरुषभर उंचीची वाळूची टेकडी, तीवर पसरलेली मर्यादवेल आणि पलीकडे समुद्र. अर्जदाराला सहा खोल्या बांधायच्या होत्या. खोलीतून समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करायची होती. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली होती. पण ते अंतर विचारणारा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता, म्हणून मीही विचारले नाही. पाहणी अहवालात मी लिहिले, ‘जागा उत्तम, समुद्रदर्शन अप्रतिम.’

दोन वर्षांपूर्वी पुन्हा तिकडे गेलो. कर्ज केव्हाच फिटले होते, एक हप्ता चुकला नव्हता. पण माडांच्या पुढच्या दोन रांगा नाहीशा झाल्या होत्या आणि खोल्यांसमोर काळ्या दगडांचा बंधारा होता. मालक हसून म्हणाला, “सायबानू, सातबाऱ्यार अजून तेवढेच गुंठे आसत.”

पुळण ही एका जागी थांबणारी वस्तू नव्हे. पावसाळी लाटा वाळू ओढून आत नेतात, पावसाळा सरला की मंद लाटा ती परत आणून टाकतात. टेकडी म्हणजे या व्यवहारातली शिल्लक. वादळात समुद्र तिच्यातून उचल घेतो आणि मागची वाडी वाचते. मर्यादवेल उडती वाळू धरून ती शिल्लक पुन्हा वाढवते. आम्ही ती शिल्लकच मोडून खोल्या बांधल्या. दगडी बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू खरवडते आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन कापू लागते. मग शेजारीही बंधारा मागतो. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेत हे मागणे वर्षानुवर्षे चालू आहे.

सगळा दोष खोल्यांचा नाही. खाडीतला वाळूउपसा आहे, नद्यांची वाळू अडवणारी धरणे आहेत. (तेरणा-सीनेची वाळू उपसल्यावर काठच्या विहिरींचे काय झाले, ते आम्हाला कोणी सांगायला नको.) राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला, तेव्हा देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजताना आढळला. तरी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तो बंदीचा पट्टा २०० वरून ५० मीटरवर आणला. मला ही चूक वाटते. स्थानिकांच्या घरांसाठी सवलत समजू शकते. पण सवलतीच्या मागोमाग लॉज येतो, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे.

पर्यटन बंद करा, असे मी म्हणणार नाही. ज्या घरांत मुंबईच्या मनिऑर्डरवर चूल पेटत होती, तिथली मुले आज गावात राहून कमावतात. खोल्या वाडीच्या मागच्या अंगाला बांधाव्यात, टेकडीला हात लावू नये आणि कर्जाच्या फॉर्मात भरतीरेषेचा तो एक रकाना घालावा, एवढेच माझे म्हणणे.

आणि ‘समुद्र दिसतो का?’ हे फोनवर विचारणारे आपणच असतो. यंदा पुतण्याने तीच चौकशी चालवली होती. मी मागची खोली घ्यायला सांगितले. “काका, मग एवढ्या लांब जायचे कशाला?” तो म्हणाला. शेवटी खोली बदलली. पोरांनी तोंडे वाकडी केली. भाडे मात्र पाचशे रुपयांनी कमी पडले.