झोपेचा सण आणि सावित्रीबाई

यंदा तीन जानेवारीला आमच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटे साडेचारलाच लागला. नात सहावीत आहे. शाळेत बालिका दिन, आणि तिला सावित्रीबाई व्हायचं होतं. मग काय, आदल्या रात्री नऊवारीला इस्त्री, पहाटे उठून अंबाडा, ढीगभर पिना, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक. हे सगळं सून करत होती. मध्येच कुकरच्या शिट्ट्या, दोन डबे, तिची स्वतःची ऑफिसची तयारी. मुलगा साडेसातला उठला, लेकीचा फोटो काढला आणि म्हणाला, "वा! मस्त दिसतेयस!"

गंमत पुढेच आहे. नातीला फळ्यावर 'आजचं दिनविशेष' लिहायचं होतं. तिनं मोबाईलवर शोधलं आणि ओरडलीच, "आजी, आज अमेरिकेत झोपेचा सण आहे!"

मला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच आहे ते. तिकडे असे दिवस ढिगानं असतात. सरकारची सुट्टी नाही, देवाधर्माचं काही नाही. कुणीतरी म्हणतं आजपासून अमुक दिवस, लोकांना पटलं की रूढ होतो. अशा दिवसांची नोंद ठेवणारं 'चेसेस कॅलेंडर' नावाचं जाडजूड पुस्तक तिथे १९५७ साली दोन भावांनी सुरू केलं. नाताळ आणि नववर्षाची धावपळ आटोपली, आता ताणून द्या, म्हणून तीन जानेवारी हा झोपेचा. त्याच दिवशी चॉकलेटमध्ये बुडवलेल्या चेरीचाही दिवस असतो, आणि चक्क सरबत प्यायच्या नळीचा! कारण ३ जानेवारी १८८८ रोजी मार्विन स्टोन नावाच्या गृहस्थांना कागदी नळीचं पेटंट मिळालं. त्याआधी लोक गवताच्या पोकळ काडीनं प्यायचे. पुढे प्लॅस्टिकची नळी आली, आणि आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून तिच्यावर बंदी आल्यावर पुन्हा कागदाचीच हातात आली. पर्यावरणासाठी शाळा सोडून संसदेसमोर बसलेली स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग, तीही तीन जानेवारीचीच, २००३ सालची. योगायोग म्हणायचा, दुसरं काय!

पण मी अडकले ती आणखी एका वाढदिवसाशी. ल्युक्रेशिया मॉट. जन्म ३ जानेवारी १७९३, अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावरचा. म्हणजे सावित्रीबाईंपेक्षा अडतीस वर्षांनी मोठी. तीही शिक्षिका. एकाच कामाला बाप्यांना जास्त पगार आणि बायांना कमी, हे तिनं तरुणपणीच पाहिलं. गुलामगिरीविरुद्ध ती गावोगाव बोलत हिंडली. १८४० साली लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तिथे ही प्रतिनिधी म्हणून गेली, तर बायका म्हणून प्रतिनिधींमध्ये बसूच दिलं नाही. आठ वर्षांनी, जुलै १८४८ मध्ये, तिनं मैत्रिणींबरोबर सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरवली. जाहीरनाम्यावर शंभर सह्या झाल्या: अडुसष्ट बायकांच्या, बत्तीस पुरुषांच्या. एका बैठकीचं अध्यक्षस्थान तिचे पती जेम्स यांनी सांभाळलं.

आता १८४८ हे साल आपल्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली. या दोघींची कधी भेट झाली नाही. पण पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. ल्युक्रेशियाबाई तेव्हा हयात होत्या. नकळत का होईना, ते पुस्तक त्यांनाही पोचतंच की!

असो. आमच्या भिशीत मी हे सांगितलं, तर एक मैत्रीण चिडलीच. "ज्या बाईनं आपल्याला जागं केलं, तिच्या वाढदिवशी झोपेचा सण? शोभतं का?" सगळ्याजणींनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

घरी येऊन मात्र मन खाऊ लागलं. सावित्रीबाईंच्या वाट्याला झोप किती आली असेल? दिवसा शाळा. वाटेत शेण-दगडांचा मारा. १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा. १८६३ मध्ये राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह. म्हणजे अडलेल्या विधवांची बाळंतपणं आणि रात्री-अपरात्री रडणारी बाळं. शेवटी १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, त्यातच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं जागरण त्यांनी स्वतः निवडलं होतं. आपलं जागरण कुणी निवडलं?

दुपारी जरा डोळा लागला आणि कडी वाजली, तर आपण काय म्हणतो? "झोपले नव्हते हो, नुसती पाठ टेकली होती." जणू चोरी पकडली गेली! ताप आलेली बाईसुद्धा पडल्या पडल्या दूध उतू जातंय का ते ऐकत असते. २०१९ साली केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, हे सावित्रीबाईंमुळेच. पण घरातल्या कामाची वाटणी तशीच राहिली, म्हणून शिकलेल्या सुनेच्या घड्याळाचा गजर मात्र आणखी अर्धा तास अलीकडे सरकला.

आणि त्यात माझाही हात आहे, खोटं कशाला बोलू? रविवारी सून सातपर्यंत झोपली, तर मी भांडी जरा जोरातच आपटली आहेत. "आमच्या वेळी असं नव्हतं," हे तर कितीदा म्हटलं. आमच्या वेळी नव्हतं हे खरंच. माझ्या सासूबाई उठायच्या आत मी उठत होते, आणि वर्षानुवर्षं दुपारपर्यंत डोकं दुखत असायचं. ते दुखणं सुनेला वारशात देण्यासारखं काय होतं त्यात?

त्या दिवशी नात बक्षीस घेऊन आली. 'मी सावित्री बोलतेय' सगळं पाठ म्हटलं म्हणाली. रात्री जेवताना तिनं बाबांना विचारलं, "जोतीरावांनी सावित्रीबाईंना स्वतः शिकवलं ना? मग तुम्ही आईकडून अंबाडा शिका." मुलगा हसण्यावारी नेणार होता. मी म्हटलं, बरोबर बोलतेय ती. पुढच्या तीन जानेवारीला नऊवारी, पिना आणि डबेसुद्धा तुझ्याकडे. सून काही बोलली नाही, ताटं उचलू लागली. मी तिच्या हातातून ताटं घेतली आणि मुलाकडे दिली.

गेल्या रविवारी पहिला सराव झाला. नात स्टुलावर, बापाच्या तोंडात पिना. अंबाडा शाळेच्या फाटकापर्यंतही टिकला नसता, पण झाला एकदाचा. पोहे मी केले. साडेसात वाजून गेले होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, सून झोपली होती. आम्ही तिला उठवलं नाही.